नकाशातली पाणंद

आंबिल आंबायला लागली की घरभर एक वास पसरतो. ज्वारीच्या पिठाचा, ताकाचा, ठेचलेल्या लसणाचा, आणि या तिन्हींत न बसणारा आणखी कसला तरी. परवा सकाळी डोळे उघडायच्या आधी तो वास नाकाशी आला आणि मी अंथरुणातूनच सुमनला, माझ्या बायकोला, विचारलं, "येळवस आली का?"

"कॅलेंडर कशाला टांगलंय मग भिंतीला," ती स्वयंपाकघरातून म्हणाली.

मार्गशीर्षातली ही अमावस्या. पंचांगात वेळ अमावस्या, आमच्या तोंडात येळवस. धाराशिव, लातूर, सोलापूरची माणसं सोडली तर बाकीच्या महाराष्ट्राला हिचा पत्ता नसतो. त्या दिवशी गाव ओस पडतं. घरांना कड्या लागतात आणि सगळी माणसं शेतात असतात. ज्वारी डोक्याइतकी वाढलेली, हरभरा घाट्याला आलेला. शेताच्या मधोमध कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, पूजा करायची आणि मग जेवायचं. बाजरीचे उंडे, सगळ्या हिरव्या शेंगा आणि भाज्या एकत्र करून केलेली भज्जी, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर, आणि मडक्यातली गार आंबिल. रस्त्यानं जाणारा ओळखीचा असो नसो, त्याला हाक मारून पानावर बसवायचं. नळदुर्गच्या रस्त्यावरचे परप्रांतातले ट्रकवालेसुद्धा या दिवशी आमच्या भागात ढाब्यावर जेवत नाहीत. कुणीतरी त्यांना शेतात ओढून नेलेलं असतं.

अशी येळवस दर वर्षी येते. पण वास आला की मन जातं ते एकाच वर्षाकडं. त्या वर्षी इलाबाई आमच्याकडं आल्या होत्या.

आमची मुलगी अश्विनी नर्स आहे. धाराशिवला शिकली, पुण्यात नोकरी केली आणि मग परीक्षा देऊन थेट स्कॉटलंडला गेली. तिथल्या दक्षिणेकडच्या ज्या भागात ती राहते त्याचं नाव डमफ्रीज अँड गॅलोवे. मला वाटायचं ही दोन गावं असतील. पण ते एकाच इलाख्याचं नाव आहे, आपला जिल्हा म्हणतो तसं. त्या इलाख्यात एका शेतकरी बाईच्या घरी खोली घेऊन ती राहत होती. बाई साठीच्या पुढच्या, नवरा वारलेला, गाई-मेंढ्या स्वतः सांभाळणाऱ्या. पूर्वी तिथल्या कौन्सिलवर निवडूनही आलेल्या. अश्विनी सुट्टीवर यायची होती, आणि बाईंना एकदा हिवाळ्यातलं ऊन बघायचं होतं.

"बाबा, त्यापण येणारेत माझ्याबरोबर," अश्विनी फोनवर म्हणाली. "आयला त्यांचं नाव."

फोन स्पीकरवर होता. सुमन पोळपाटावरून वळली. "असं नाव असतंय व्हय बाईमाणसाचं?"

"आई, तिकडं लई चांगलं नाव आहे ते. एका बेटावरून ठेवतात."

"असू दे की. पर मी घरात पाहुणीला आयला म्हणून हाक मारू? शेजारी काय म्हणतील?"

शेवटी सुमननंच तोडगा काढला. बाई आल्या आणि पहिल्याच दिवशी इलाबाई झाल्या. अश्विनीनं त्यांना कारण समजावून सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. नंतर महिनाभर गावातल्या कुणाच्या तोंडून खरोखरचं "आयला" ऐकू आलं की त्या वळून बघायच्या आणि हात वर करून हजेरी लावायच्या.

त्यांना मराठीचे दोनच शब्द पक्के येत होते, "बरं" आणि "बास". येळवशीच्या दिवशी दुसऱ्याचा काही उपयोग झाला नाही. आमच्या कोपीजवळ त्या मांडी घालायचा प्रयत्न करून शेवटी पाय पसरून बसल्या होत्या. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, कारण शेतात जायचं म्हटल्यावर त्यांना चिखलच आठवत होता. सुमन वाढत होती, त्या बास म्हणत होत्या, आणि सुमन आणखी वाढत होती. आंबिल त्यांनी आधी हुंगली, मग थोडी चाखली, मग वाटी उचलून एका दमात संपवली. आपली आजी असंच काहीतरी जवाच्या पिठाचं करायची, असं त्या अश्विनीला म्हणाल्या.

शेजारच्या शेतातून दत्तूअण्णा आला. दत्तूअण्णा माझ्या वयाचा, आम्ही शाळेत एका बाकावर होतो. खिलारी बैलांची जोडी बाळगणारा गावातला तो शेवटचा माणूस. इलाबाईंनी त्याला मोबाइलवर आपल्या गाईंचा फोटो दाखवला. काळीभोर, केसाळ गाय आणि पोटाभोवती पांढराशुभ्र रुंद पट्टा.

"ह्यो पट्टा कशाचा बांधलाय?" दत्तूअण्णानं विचारलं.

"बांधलेला नाही अण्णा, जन्मतःच असतो," अश्विनी म्हणाली. "त्या भागातली जातच आहे तशी."

दत्तूअण्णानं फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला. "झूल घालायची कटकट न्हाय," तो म्हणाला, आणि हे भाषांतर ऐकून इलाबाईंनी त्याच्याकडं आपला माणूस भेटल्यासारखं पाहिलं.

आपलं जेवण झाल्यावर इलाबाईंनी कडब्याचं एक धाट घेतलं आणि काळ्या मातीत आपला इलाखा काढला. वर डोंगर, त्यावर पसरलेलं जंगल. खाली समुद्र. तो समुद्र दिवसातून दोनदा मैलभर मागं सरतो आणि मागं चिखल आणि पक्षी ठेवून जातो. मधून उतरणाऱ्या नद्या, त्यांच्या काठची हिरवी कुरणं, त्यांवर दुभत्या गाई. डोंगरावर मेंढ्या आणि पवनचक्क्या. एकेकाळी हे तीन वेगळे परगणे होते, मग एक झाले, पण म्हातारी माणसं अजून जुन्याच परगण्याचं नाव सांगतात. हे ऐकून मला गंमत वाटली. आमचे वडील मरेपर्यंत निजामाच्या काळातल्या तालुक्यांच्या हिशेबानं बोलायचे.

"तिथली पोरं काय करतात?" सुमननं विचारलं.

अश्विनीनं विचारलं आणि उत्तर सांगितलं, "शिकतात आणि ग्लासगोला जातात, एडिनबर्गला जातात. परत येत नाहीत. गावात म्हातारी माणसं राहतात."

सुमननं अश्विनीच्या पानात एक पोळी वाढली. मी मातीतल्या त्या नकाशाकडं बघत राहिलो. त्यांची पोरं शहरात गेली, म्हणून त्यांच्या म्हाताऱ्यांची नाडी बघायला आमची पोर एवढ्या लांब गेली, आणि आमच्या गावातली बाकीची पोरं पुण्यात. जगात सगळीकडं माणसं एक घर पुढं सरकली होती जणू. तरी त्या दुपारी वाईट वाटलं नाही. ऊन कोवळं होतं, ज्वारीच्या पानांची सळसळ होती आणि पोर समोर बसून जेवत होती.

मग इलाबाईंनी विचारलं, "तुमच्या गावाचा कारभार कोण बघतं?"

हा प्रश्न माझा होता. मी तीस-एक वर्षं ग्रामसेवक होतो, वेगवेगळ्या गावांना. लोक अजून मला भाऊसाहेब म्हणतात. मी घसा साफ करून सगळं सांगितलं. गावाची स्वतःची ग्रामपंचायत, निवडून आलेली सरपंच, सदस्य, पंचायत समिती, जिल्हा परिषद. आणि सगळ्यांत शेवटी ग्रामसभा.

"म्हणजे एवढ्या एका गावाला स्वतःचं कौन्सिल?" त्यांनी पुन्हा विचारलं. त्यांच्याकडं अख्ख्या इलाख्याला एकच. त्या सदस्य होत्या तेव्हा त्यांच्या एकट्या वॉर्डात आमचा अर्धा तालुका मावला असता. गावात लोकांची एक समिती असते, पण ती फक्त मत कळवू शकते, ठरवू शकत नाही. गल्लीतला दिवा लावायचा तरी लांबच्या शहरातल्या कचेरीला लिहायचं. "आणि तुमच्या या ग्रामसभेत गावातला प्रत्येक मतदार बसतो?"

"बसू शकतो," मी म्हणालो.

"बसतो का?"

सुमन मध्येच म्हणाली, "बसतो की. रजिस्टरात."

अश्विनीनं तेही भाषांतर केलं. नको म्हणायला वेळच मिळाला नाही.

आता हे लिहायला हरकत नाही. माझ्या सगळ्या नोकरीत खरीखुरी भरलेली ग्रामसभा मी दोनदा की तीनदाच पाहिली. शंभर माणसं जमायला हवीत असा नियम. जमायची पंधरा-वीस. मग सभा तहकूब करायची, कारण तहकूब सभेला माणसांची अट नसते. नाहीतर शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर जायचा आणि लोक चूल फुंकता फुंकता सही करायचे. कुठल्या ठरावावर, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. इतकी वर्षं मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्या दिवशी त्या परक्या बाईच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, टीकाही नव्हती. नुसतं नवल होतं. आपल्याकडं नसलेली वस्तू दुसऱ्याच्या घरी अडगळीत पडलेली दिसावी, तसं.

पौष लागला. थंडी वाढली, सकाळी हरभऱ्याच्या पानांवर आंबट दव यायला लागलं, बांधावर हुरड्याच्या आगट्या पेटायला लागल्या. इलाबाई आता बूट सोडून सुमनच्या चपला घालायच्या. त्यांना नकाशांचा नाद होता, आणि माझ्या ट्रंकेत गावनकाशाची एक जुनी प्रत होती. ती पाहिल्यावर त्यांनी तुटक रेघांच्या एका जोडीवर बोट ठेवलं. गावापासून निघून शिवाराच्या टोकापर्यंत गेलेली ती जोडी.

"पाणंद," मी म्हणालो. "शेतात जायची गाडीवाट."

"चला, चालू या की," त्या अश्विनीकरवी म्हणाल्या.

ती सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. नकाशा हातात घेऊन आम्ही तिघं निघालो. मारुतीच्या देवळामागून वाट सुरू झाली, दोन बोरींच्या मधून गेली, पुढं दत्तूअण्णाच्या बाभळीच्या काट्यांनी अर्धी झाली. आम्ही अंग चोरून पुढं गेलो. आणि मग वाट संपली. समोर ज्वारी होती, दाट, कणसं भरलेली.

इलाबाईंनी नकाशा फिरवून पाहिला. पुढं त्याच रेषेत, ज्वारीच्या पलीकडं, पुन्हा मोकळी जागा दिसत होती. "रस्ता कुठं गेला?" त्यांनी विचारलं.

मला ठाऊक होतं तो कुठं गेला. ती ज्वारी माझी होती. मी शाळेत होतो तेव्हा एका उन्हाळ्यात आबांनी, माझ्या वडिलांनी, बांध सरकवला. पुढच्या उन्हाळ्यात आणखी थोडा. समोरच्या अंगाला दत्तूअण्णाच्या वडिलांनी काट्या लावल्या. वाट नाहीशी झाली. तिच्या टोकाला बौद्ध वस्तीतल्या लोकांची शेतं. तेव्हापासून ती माणसं आपला माल ओढ्यातून वळसा घालून, डोक्यावर आणत होती. मी पुढं ग्रामसेवक झालो, दुसऱ्या गावांच्या पाणंदी मोकळ्या करायचे ठराव सुवाच्य अक्षरात लिहिले, आणि दर सुगीला या पट्ट्यातली ज्वारी घरात आणून भाकरी खाल्ली.

"बाबा, काय सांगू त्यांना?" अश्विनी म्हणाली.

"सांग, आमच्या शेतात गेला."

तिनं सांगितलं. इलाबाईंनी नकाशाची घडी केली आणि माझ्या हातात दिली. "बरं," एवढंच म्हणाल्या. त्यांना येणाऱ्या दोन शब्दांपैकी तो एक होता, पण मला तो दिवसभर पुरला.

संध्याकाळ व्हायच्या आत मी सरपंचांच्या घरी गेलो. रेखाताई कांबळे, पस्तिशीच्या, राखीव जागेवर निवडून आलेल्या, वस्तीतल्याच. लोकांना वाटलं होतं नवराच कारभार करेल, पण नवरा टेम्पोवर असतो आणि त्याला सभांचा कंटाळा. पाणंदीचा ठराव त्यांनी दोनदा मांडायला घेतला होता, दोन्हीदा सभा माणसांअभावी तहकूब झाली. आणि तहकूब सभेत हा ठराव करायला त्या तयार नव्हत्या.

"चार माणसांत ठराव केला तर म्हणतील, बाईनं सासऱ्याच्या रानाला रस्ता करून घेतला," त्या म्हणाल्या. "मला सगळ्यांच्या देखत पाह्यजे, भाऊसाहेब. न्हायतर नको."

"सव्वीस जानेवारीच्या सभेत घ्या," मी म्हणालो. "मी येतो."

"तुम्ही एकटे येऊन काय होणार?"

"मी येतो आणि बोलतो."

त्यांना बांध ठाऊकच होता, सगळ्या गावाला होता. "च्या घ्या," त्या म्हणाल्या.

सव्वीस तारखेच्या आदल्या दिवशी महिला ग्रामसभा झाली. तिथं मी नव्हतो, पण सुमन, अश्विनी आणि इलाबाई गेल्या होत्या. एरवी या सभेला पाच-सहा बायका येतात. त्या दिवशी गोऱ्या बाईला बघायला म्हणून अंगण भरलं. इलाबाईंनी भाषण केलं नाही. त्यांनी बायकांना विचारलं, तुम्ही डोक्यावर काय काय वाहून आणता. बायका सांगायला लागल्या आणि थांबेनात. कडबा, कणसं, तुरीच्या पेंढ्या, पाण्याची घागर, एकदा तर बाजेसकट बाळंतीण. वस्तीतल्या सांगत होत्या, गावातल्याही सांगत होत्या, कारण वाट बंद झाल्यापासून वळसा सगळ्यांनाच पडला होता. "इतकी वर्षं ह्या आपल्या शेजारी राहतात," सुमन घरी आल्यावर म्हणाली, "आणि आमी आज एकमेकींच्या मानंचं दुखणं ऐकलं."

सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं, मुलांना बुंदी वाटून झाली आणि शाळेच्या पटांगणात सतरंज्या पसरल्या. रेखाताईंनी आधीच सांगून टाकलं होतं की रजिस्टर कुणाच्या घरी जाणार नाही, ज्याला सही करायची त्यानं इथं बसायचं. आत्ताचे ग्रामसेवक जरा घाबरलेले दिसत होते. लोक येत होते, पण हळूहळू. ते माणसं मोजत होते. ऐंशी झाली. मग नव्वद. मग शहाण्णव, आणि तिथं अडकलं. इलाबाई मागं खुर्चीवर बसल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, ह्यांना धरा की. ग्रामसेवकांनी नकारार्थी मान हलवली, मतदार नाहीत. अश्विनीनं सांगितल्यावर इलाबाईंनी लगेच आपली खुर्ची उचलून पटांगणाच्या बाहेर, चिंचेखाली नेऊन ठेवली, मोजणीत घोळ नको म्हणून.

उन्हं चढत होती. मागच्या रांगेतले दोघं-तिघं उठायच्या बेतात होते. रेखाताई घड्याळाकडं बघत होत्या. सभेची वेळ टळली की तिसऱ्यांदा तहकूब.

तेवढ्यात फाटकातून दत्तूअण्णा आला. पांढरं धोतर, डोक्याला पटका. त्याच्यामागं त्याची बायको कलावती, दोघं भाऊ, दोन्ही भावजया आणि सुना. अख्खं घर. तो थेट पुढं येऊन उभा राहिला.

"ह्यो ठराव व्हऊ द्यायचा न्हाय, म्हणून आलोय आमी," तो म्हणाला. "सगळे आलोय. हातं मोजा."

मागून एक बाई हसली. मग दुसरी. ग्रामसेवक बोट नाचवत मोजत होते, आणि त्यांच्या लक्षात आलं तेव्हा तेही हसायला लागले. शंभराच्या वर माणसं झाली होती. सभा भरली होती.

सगळे का हसतात ते दत्तूअण्णाला कळेना. रेखाताईंनीच सांगितलं, "अण्णा, तुम्ही आला नसता तर आज सभाच झाली नसती. बसा. तुमचं म्हणणं पयलं."

तो खजील झाला, पण क्षणभरच. "मला ठाव हाय की," तो म्हणाला. "घरी बसलो असतो तर सभा मोडली असती. भाऊ म्हणले बी, नको जाऊ. पर त्या बाईच्या देशात न्हाय म्हणायला बी कागद धाडावा लागतो म्हणं लांबच्या गावाला. हितं मला तोंडावर न्हाय म्हणता येतंय. मग घरात बसून कशाला म्हणू?" तो खाली बसला नाही. "माझं म्हणणं एवढंच. आमच्या बापानं काट्या उगं लावल्या न्हायत. आधी पलीकडनं बांध सरकला. मग आमीच का द्यायचं?"

आता सगळे माझ्याकडं बघत होते. मी उभा राहिलो. हातात गावनकाशा होता.

"अण्णा खरं बोलतोय," मी म्हणालो. "बांध आमच्या आबांनी सरकवला. मला तेव्हापासून ठाऊक आहे. गावाचा रस्ता माझ्या ज्वारीत आहे. काढणी झाली की पहिला बांध माझा मोडा. माझ्यासमोर मोजा, नकाशाप्रमाणं. त्यानंतर अण्णाकडं बघा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि त्या वाजल्या नाहीत हे बरं झालं. वस्तीतले एक म्हातारे गृहस्थ, रेखाताईंचे सासरे, समोरच बसले होते. त्यांनी नुसती मान डोलावली, हळू, दोनदा. या माणसानं आपल्या तरुणपणापासून ओढ्यातून वळसा घातला होता.

दत्तूअण्णा अजून उभाच होता. "असं हाय व्हय," तो पुटपुटला.

"असंच हाय," कलावतीवहिनी बायकांतून उठल्या. "आणि मी बी सांगते. काट्या लावल्या तवापासनं आपली गाडी बी ओढ्यातनंच जाती. मागल्या साली चाक मोडलं. म्या काय म्हणलं का? आता म्हणते. काढा त्या काट्या."

"तू तर न्हाय म्हणायला आली होतीस," दत्तूअण्णा म्हणाला.

"मी सभेला आले होते. न्हाय म्हणायचं तुमचं तुमी ठरवलं."

आता मात्र सगळं पटांगण हसलं. चिंचेखाली अश्विनी इलाबाईंच्या कानाशी भराभर भाषांतर करत होती, आणि दर वाक्याला इलाबाई थोड्या उशिरानं, एकट्याच हसत होत्या. दत्तूअण्णानं एकच अट घातली. त्याच्या कडेचा कडुलिंब तोडायचा नाही, वाटेनं त्याला वळसा घालावा. ती ठरावात लिहिली. हात वर झाले. ग्रामसेवकांनी मोजले. दत्तूअण्णाचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला, पण गेला. मग सतरंजीवरच सह्या झाल्या. अंगठेही झाले. रांग लागली होती, आणि प्रत्येक जण आपल्या आधी कुणाची सही आहे ते वाचत होता.

दोन दिवसांनी अश्विनी आणि इलाबाई निघाल्या. जळकोटच्या फाट्यावर सोलापूरच्या गाडीची वाट बघत आम्ही उभे होतो. सुमननं तिळाच्या पोळ्या बांधून दिल्या होत्या. इलाबाईंनी त्यांच्या गावी गेल्यावर पहिलं काय करणार ते सांगितलं. मेंढ्या वितील, तो त्यांचा घाईचा हंगाम. मग त्यांच्या गावच्या समितीची बैठक. "त्यांना सांगणार आहे," त्या म्हणाल्या, "की मी एक सभा पाहिली, आणि त्यात मला बसायला परवानगी नव्हती." गाडी आली. अश्विनी गळ्यात पडली. सुमन रडली, पण तिचं ते रडणं हलकं होतं. पोर लांब जाते आहे याचं दुःख होतंच, पण ती कुणाच्या घरी जाते आहे हे आता डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

दर येळवशीला आता सकाळी फोन येतो. परवाही आला. तिकडं अंधार आणि पाऊस, इकडं उन्हात कोप उभी. इलाबाई अश्विनीच्या खांद्यावरून डोकावून सुमनला विचारतात, भज्जीत काय काय घातलं, आणि सुमन यादी सांगते, जणू त्यांना ती सगळी रोपं ठाऊक आहेत. यंदा त्या म्हणाल्या की त्यांच्या समितीनं गावातल्या जुन्या पाऊलवाटांचा नकाशा करायला घेतलाय. अजून हातात अधिकार काही नाही, पण नकाशा करायला कुणाची परवानगी लागत नाही.

त्या वर्षीची काढणी माघात झाली. ज्वारी निघाली, कडब्याच्या पेंढ्या बांधून झाल्या आणि एका सकाळी मोजणी झाली. माझ्या शेताचा कडेचा पट्टा मोकळा झाला. मी वाटेत उभा राहून बघत होतो. जेसीबीनं बांध ओढला तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. ती माती आबांच्या हातची होती. दुपारपर्यंत दत्तूअण्णाच्या काट्या निघाल्या. वस्तीतल्या लोकांनी मुरूम टाकला, गावातल्यांनी पसरला. वाट लिंबाला वळसा घालून गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर बसलो होतो. दारात गाडी थांबली. खिलारी जोडी, शिंगांना गोंडे, आणि वर दत्तूअण्णा.

"भाऊसाहेब, बसा," तो म्हणाला.

"कुठं निघालास?"

"रानात. कुठं जाणार."

मी चप्पल घालून गाडीत चढलो. देवळामागून निघालो, बोरींच्या मधून, लिंबाला वळून. पुढं मोकळी वाट, ताजा लाल मुरूम, दोन्ही अंगांना ज्वारीची कापलेली धसकटं. वस्तीतल्या शेतात रेखाताईंचे सासरे कणसं गोळा करत होते. गाडीचा आवाज ऐकून ते सरळ उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. मीही केला. नोकरीत असताना मी किती गावांचे रस्ते कागदावर लिहिले असतील, त्याची गणती नाही. ज्याच्यावरून बैलगाडीत बसून गेलो असा हा पहिला. दत्तूअण्णानं कासरा सैल सोडला, बैल आपोआप धावायला लागले, आणि मी गाडीचा दांडा घट्ट धरून लहान पोरासारखा हसत राहिलो.